१० नंबरचं पोर्ट आणि ४१ पीपीएम

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. नेटवर्क स्विचचं, म्हणजे अनेक उपकरणांच्या केबल एकमेकींशी जोडणाऱ्या पेटीचं डिझाइन आम्हीच करतो, बोर्ड बाहेरून भरून घेतो आणि जुळणी, चाचणी आमच्या शेडमध्ये होते. हे प्रकरण १६ पोर्टांच्या स्विचचं आहे. सगळी पोर्टं १० गिगाबिटची, एसएफपी+ जातीची (केबल किंवा ऑप्टिकल मॉड्यूल खोचायचे छोटे पिंजरे), आणि मधोमध एकच मोठी स्विच चिप. पुण्याच्या ग्राहकाची अट साधी वाटत होती: १०० टक्के लाइन रेटने, म्हणजे तार पूर्ण भरून, दहा मिनिटं ट्रॅफिक चालवायचं आणि एकही फ्रेम, म्हणजे डेटाचं एकही पाकीट, हरवता कामा नये.

आमच्या फ्रेम हरवत होत्या. १५१८ बाइटच्या फ्रेम घेतल्या तर १० गिगाबिटच्या तारेवर सेकंदाला ८,१२,७४४ मावतात, म्हणजे दहा मिनिटांत सुमारे ४८ कोटी ७६ लाख. त्यातल्या १९,३०० च्या आसपास गायब व्हायच्या. टक्क्यांत ०.००४. रोजच्या वापरात हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं, कारण खरं नेटवर्क दहा मिनिटं सलग शंभर टक्के भरलेलं नसतं. पण अट शून्याची होती, आणि शून्य का येत नाही हे आम्हाला सांगता येत नव्हतं. मला खुपत होतं ते हे दुसरं.

टेस्टरची आमच्याकडे दोनच पोर्टं आहेत, म्हणून १६ पोर्टं तपासायला आम्ही साप लावतो. टेस्टरमधून ट्रॅफिक १ नंबरात शिरतं आणि २ मधून बाहेर पडतं. २ पासून ३ ला आखूड केबल, ३ मधून ४, पुन्हा केबल, असं वळसे घेत शेवटी १६ मधून टेस्टरकडे परत. आतल्या जोड्या व्हीएलॅनने, म्हणजे स्विचच्या आत पोर्टांचे वेगळे गट पाडणाऱ्या सेटिंगने, बांधलेल्या असतात. सापाची सोय अशी की एकच प्रवाह सगळ्या पोर्टांना शिवून येतो. गैरसोय अशी की शेवटी एकच आकडा हाती लागतो आणि फ्रेम नेमक्या कुठे गेल्या ते स्विचच्या काउंटरांमध्ये शोधावं लागतं.

शोधलं, तर सगळं नुकसान १० नंबरच्या पोर्टावर दिसत होतं.

मग जे कुणीही करील ते आम्ही केलं. १० नंबरची केबल बदलली, ९ ची बदलली, केबल काढून ऑप्टिकल मॉड्यूल लावली. पोर्टाचा पिंजरा नीट सोल्डर झालाय का ते भिंगाखाली पाहिलं. त्या पोर्टाच्या सर्डेसची, म्हणजे तारेवर बिट सोडणाऱ्या आणि घेणाऱ्या सर्किटाची, सेटिंग वर-खाली केली. यात चार दिवस गेले आणि आकडा हलला नाही. मग दुसरे बोर्ड काढले. पाच बोर्डांपैकी दोन अगदी स्वच्छ पास झाले, दोघांवर १० नंबरला नुकसान, आणि पाचव्यावर २ नंबरलाही नुकसान आणि १० नंबरलाही. या पाचव्या बोर्डाने आम्हाला सगळ्यांत जास्त फिरवलं, कारण सोल्डरिंगचा दोष असता तर तो नेमका या दोनच जागी का बसावा?

इथे एक चूक कबूल करायला हवी. पहिल्या दिवशी मी काउंटर पाहिले ते ‘किती’ यासाठी. ‘कोणता काउंटर’ हे नीट वाचलं नाही. सीआरसी चुकांचा काउंटर पहिल्यापासून शून्यावर होता. वाढत होता तो बाहेर जाणाऱ्या रांगेचा डिस्कार्ड काउंटर. या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सीआरसी चुकला म्हणजे फ्रेम वाटेत खराब झाली. केबल, कनेक्टर, मॉड्यूल, सर्डेस, सगळे संशयित खरे. डिस्कार्ड म्हणजे फ्रेम धडधाकट आली, पण पुढच्या रांगेत तिला जागा नव्हती म्हणून स्विचने ती स्वतः टाकून दिली. १० गिगाबिट आत आणि १० गिगाबिटच बाहेर, तर जागा संपावी कशी? हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर ते चार दिवस वाचले असते.

वीस सेकंदं

धागा सापडला तो टेस्ट टेबलावर बसणाऱ्या मुलाला. तो दिवसभर हीच चाचणी लावतो आणि पडदा बघत राहतो. मला म्हणाला, “बेन, पहिली वीस सेकंदं एकपण जात नाही. मग जाते ती थांबत नाही.”

आम्ही घड्याळ लावून बसलो. १५१८ बाइटच्या फ्रेम असताना पहिली फ्रेम विसाव्या सेकंदाच्या आसपास हरवली, आणि त्यानंतर सेकंदाला ३३ या ठरलेल्या गतीने हरवत राहिल्या. चाचणी थांबवून पुन्हा लावली, पुन्हा वीस सेकंदं. मग ६४ बाइटच्या फ्रेम लावल्या. पहिलं नुकसान सातव्या सेकंदाला, आणि त्यानंतर सेकंदाला ६१०.

खराब केबल इतकी वक्तशीर नसते. गच्चीवरची पाण्याची टाकी असते. वरून येणारा नळ खालच्या नळापेक्षा किंचित जास्त सोडत असेल, तर टाकी बराच वेळ नुसती भरत राहते, कुणाला काही कळत नाही. काठोकाठ भरली की जेवढं जास्तीचं तेवढंच सांडतं, ना कमी ना जास्त. टाकी किती मोठी हे ठाऊक असेल तर सांडायला लागलेल्या वेळेवरून दोन नळांतला फरक काढता येतो.

आमच्या चिपमध्ये एका पोर्टाच्या रांगेला आम्ही १ मेगाबाइटची मर्यादा दिली होती. चिप ही जागा २५६ बाइटच्या कप्प्यांत वाटते, म्हणजे ४०९६ कप्पे. १५१८ बाइटच्या फ्रेमला सहा कप्पे लागतात, तेव्हा रांगेत ६८२ फ्रेम मावतात. सेकंदाला ३३ जास्तीच्या येत असतील तर रांग भरायला साधारण वीस सेकंदं. ६४ बाइटची फ्रेम कितीही छोटी असली तरी एक अख्खा कप्पा अडवते. ४०९६ भागिले ६१०, म्हणजे पावणेसात सेकंदं. दोन्ही वेळा जुळल्या.

आता गती पाहू. ८,१२,७४४ मध्ये ३३ जास्तीच्या, म्हणजे दहा लाखांत ४१. ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला १,४८,८०,९५२ जातात, त्यात ६१०. पुन्हा दहा लाखांत ४१. फ्रेमचा आकार काहीही घ्या, प्रमाण तेच. दहा लाखांत इतके, यालाच हार्डवेअरवाले पीपीएम म्हणतात, आणि हा शब्द आमच्या धंद्यात बहुतेक एकाच वस्तूच्या डेटाशीटवर भेटतो: ऑसिलेटरच्या, म्हणजे बोर्डला क्लॉकचा ठेका देणाऱ्या भागाच्या.

साप उलटा केला

तरी खात्री हवी होती. टेस्टरच्या दोन्ही केबल्स अदलाबदल केल्या, म्हणजे ट्रॅफिक १६ मधून आत शिरेल, १५ मधून बाहेर पडेल, १४ मध्ये शिरेल, आणि शेवटी १ मधून टेस्टरकडे जाईल. बाकी कशाला हात लावला नाही. १० नंबरचं पोर्ट खरंच आजारी असतं तर या फेरीतही काहीतरी त्याच्याच आसपास दिसलं असतं. तसं झालं नाही. नुकसान उठून १५ नंबरावर गेलं आणि तिथेही ते ४१ पीपीएमच होतं.

मी स्कीमॅटिकचं क्लॉकचं पान उघडलं आणि उत्तर समोर होतं. चिपची १० गिगाबिटची पोर्टं चार-चारच्या गटांत असतात, त्यांना क्वाड म्हणतात. प्रत्येक क्वाडला बाहेरून १५६.२५ मेगाहर्ट्झचं संदर्भ क्लॉक द्यावं लागतं. आतली सर्किटं त्याला ६६ ने गुणून १०.३१२५ गिगाहर्ट्झ बनवतात आणि त्या ठेक्यावर बिट तारेवर सोडतात. आमच्या बोर्डवर १ ते ८ या दोन क्वाडांना एक ऑसिलेटर होता आणि ९ ते १६ या दोघांना दुसरा.

पोर्टामधून आत येणाऱ्या बिटांची गती समोरचा ठरवतो, कारण रिसीव्हर आलेल्या सिग्नलमधूनच क्लॉक काढून घेतो. बाहेर जाणाऱ्यांची गती आपला ऑसिलेटर ठरवतो. सरळ सापात टेस्टरच्या गतीने आलेलं ट्रॅफिक २, ४, ६, ८ मधून पहिल्या ऑसिलेटरच्या ठेक्यावर बाहेर पडलं. तो किंचित वेगात होता, म्हणून काही साठलं नाही. ९ मधून शिरून १० मधून बाहेर पडताना ते पहिल्यांदाच दुसऱ्या, मंद ऑसिलेटरच्या हाती लागलं आणि तिथे टाकी सांडली. पुढे १२, १४, १६ वर काहीच नाही, कारण १० मधून निघतानाच प्रवाह त्या मंद गतीचा झाला होता. उलट्या सापात मंद ऑसिलेटरचं पहिलं पोर्ट १५ होतं. पाचव्या बोर्डवर दोन्ही ऑसिलेटर टेस्टरपेक्षा मंद आणि दुसरा पहिल्याहून मंद, म्हणून दोन जागी.

आणि ते दोन ‘स्वच्छ’ बोर्ड? त्यांचे दोन्ही ऑसिलेटर टेस्टरपेक्षा वेगात होते, एवढंच. त्यांत चांगलं असं काही नव्हतं. पुढे त्यांना मंद क्लॉकचा दुसरा स्विच जोडला असता तर नुकसान तिथे दिसलं असतं आणि दोष त्या बिचाऱ्या दुसऱ्या स्विचच्या माथी गेला असता. पास-नापासच्या शिक्क्यावर माझा तेव्हापासून विश्वास कमी झालाय. आता आमच्या टेस्ट शीटवर प्रत्येक बोर्डचं क्लॉक किती पीपीएम, हा रकाना आहे.

अंदाज मोजून पक्का करायचा होता. साध्या ऑसिलोस्कोपवर हे होत नाही, कारण त्याचं स्वतःचं क्लॉकच काही पीपीएमने इकडेतिकडे असतं. विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात, जीपीएसला बांधलेल्या संदर्भावर चालणारा फ्रीक्वेन्सी काउंटर मिळाला. पहिला ऑसिलेटर १५६.२५१८७५ मेगाहर्ट्झ निघाला, अधिक १२ पीपीएम. दुसरा १५६.२४३५९४, म्हणजे उणे ४१. सोबत नेलेला टेस्टर एक पीपीएमच्या आत होता. प्रयोगशाळेतल्या सरांनी दुसऱ्या ऑसिलेटरवर हेअर ड्रायर धरायला सांगितला, आणि काउंटरवरचे शेवटचे आकडे सरकताना डोळ्यांनी दिसले. आमच्या शेडमध्ये दुपारी नुकसान थोडं जास्त का असायचं तेही कळलं: तो ऑसिलेटर पॉवर रेग्युलेटरला खेटून बसवलेला होता.

उणे ४१ म्हणजे वाईट ऑसिलेटर का? नाही. आयईईई ८०२.३ या मानकात १० गिगाबिटला अधिक-उणे १०० पीपीएमची मुभा आहे. दोन टोकांना दोन उपकरणं, तेव्हा त्यांच्यात २०० पीपीएमपर्यंत फरक कायदेशीर आहे. मनगटावरचं घड्याळ ४१ पीपीएमने मागे पडत असेल तर दिवसाला साडेतीन सेकंदं मागे पडेल. रावपुऱ्याच्या टॉवरवरच्या घड्याळात इतकी चूक कुणाला दिसलीही नसती. डेटाशीट पाळलेली, मानक पाळलेलं, तरी फ्रेम हरवत होत्या.

दोन ऑसिलेटर का होते, हेही नोंदवून ठेवते. मूळ आराखड्यात एकच ऑसिलेटर आणि त्यापुढे चार मुखांचा क्लॉक बफर, म्हणजे एकाच क्लॉकच्या चार प्रती काढून देणारी चिप, होता. २०२१-२२ च्या चिप टंचाईत तो बफर मिळेना. दोन मुखांचे ऑसिलेटर हाताशी होते, तेव्हा दोन लावून टाकले. त्या बदलाच्या कागदावर माझीही सही आहे. ‘दोन्ही १५६.२५ आहेत’ इतकंच मी पाहिलं होतं.

सोपा उपाय, जो घेतला नाही

चिपमध्ये एक रजिस्टर आहे. ते चालू केलं की रांग भरत आली असताना मॅक (पोर्टातून फ्रेम बाहेर सोडणारा चिपचा भाग) दोन फ्रेममधलं अंतर अधूनमधून एखाद्या बाइटने कमी करतो. मानकाप्रमाणे अंतर १२ बाइटचं असतं. १० गिगाबिटच्या रिसीव्हरने ते ५ बाइटपर्यंत आकसलेलं चालवून घ्यायचं असतं, कारण वाटेतल्या उपकरणांना पीपीएमचा फरक मुरवायला तीच जागा आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या गटाने दोन मिनिटांत ते चालू करून दाखवलं, आणि नुकसान शून्यावर आलं.

मी अडून बसले. १५१८ च्या फ्रेमला ४१ पीपीएम म्हणजे फ्रेममागे बाइटचा सोळावा भाग, साधारण सोळा फ्रेमनंतर एक बाइट. ही उचल किरकोळ आहे हे खरं. पण आपण ती उचलायची आणि पुढच्या स्विचने आधीच आकसलेल्या जागेत आपली अडचण भागवायची, असं साखळीने चाललं की शेवटच्या उपकरणाकडे काय उरतं ते कुणाला सांगता येत नाही. ते रजिस्टर दोन वेगळ्या घरांमधल्या फरकासाठी आहे. एकाच पेटीतल्या दोन ऑसिलेटरांचं भांडण त्याने झाकू नये, असं माझं मत होतं आणि आजही आहे. मालकांना पटायला दोन दिवस लागले, कारण बोर्ड नव्याने काढायचा म्हणजे पैसा आणि सहा आठवडे.

एक ऑसिलेटर, चार वाटा

नव्या बोर्डवर अधिक-उणे २५ पीपीएमचा एकच ऑसिलेटर, रेग्युलेटरपासून लांब. त्यापुढे एक आत-चार बाहेर असा एलव्हीडीएस (कमी व्होल्टेजवर तारांच्या जोडीने सिग्नल नेणाऱ्या पद्धतीचा) बफर, आणि त्याची चार मुखं चार क्वाडांना. बफरचा पुरवठा वेगळ्या लिनियर रेग्युलेटरवर, मध्ये गोंगाट अडवणारा फेराइट बीड, कारण क्लॉक बफरच्या पुरवठ्यातली कुरकुर सरळ त्याच्या कडांवर उमटते. एक ऑसिलेटर बंद पडला तर आता आठऐवजी सोळा पोर्टं जातील, हे धरूनच निर्णय घेतला.

लेआउट करणारे काका चाळीस वर्षं हेच काम करताहेत, आधी टेप चिकटवून आणि आता संगणकावर. त्यांनी चारही क्लॉक ट्रेस, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा, सारख्या लांबीचे करायला जवळच्या क्वाडांकडे जाणाऱ्या ट्रेसला नागमोडी वळणं घातली होती. मी म्हटलं, “काका, वळणं काढून टाका, सरळ न्या.” ते म्हणाले, “अगं, मेमरीला आपण मिलिमीटर मोजतो आणि क्लॉकला सोडून द्यायचं?”

शंका रास्त होती. बोर्डवर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. आमच्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड ट्रेसमध्ये ६ सेंटिमीटरचा फरक, म्हणजे ०.४ नॅनोसेकंद. पण हा फरक कायमचा आहे, वाढत नाही. मी त्यांना नवरात्रीतलं गरब्याचं मैदान आठवायला सांगितलं. ढोल मध्यभागी असतो. ३४ मीटर लांबच्या फेऱ्याला त्याची थाप सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचते, तरी तो फेरा मागे पडत जात नाही, कारण थापा तितक्याच अंतराने येत राहतात. आमचा जुना बोर्ड म्हणजे भिंतीच्या अलीकडे एक ढोल आणि पलीकडे दुसरा, आणि मधल्या दारातून माणसं सारखी जाताहेत. क्वाडांचं एकमेकांशी बोलणं चिपच्या आतल्या रांगांमधून होतं, त्यांना ०.४ नॅनोसेकंदाचं काही देणंघेणं नाही. अचूक वेळ मोजणारं पीटीपी चालवायचं असतं तर हा ठरलेला उशीर मोजून वजा केला असता, तेवढंच. काकांनी वळणं काढली. नागमोडी ट्रेस शेजारचा गोंगाटही जास्त गोळा करतो, तोही फायदा झाला.

सहा आठवड्यांनी बोर्ड आले. साप लावला. १० नंबर स्वच्छ, डिस्कार्ड तिथे शून्य. आणि १३ व १५ वर सीआरसी चुका!

या वेळी मी काउंटरचं नाव आधी वाचलं. सीआरसी, म्हणजे फ्रेम खरोखर खराब होत होत्या. चौथ्या क्वाडमध्येच, बाकी तिघं व्यवस्थित. त्या क्वाडची पोर्टंच आजारी आणि केबल कुठलीही चालवा, तर सामायिक काय? त्यांचं क्लॉक. डिफरन्शियल प्रोब चारही क्वाडांच्या क्लॉक पिनांशी लावला. तिघांकडे सुमारे ३५० मिलिव्होल्ट, चौथ्याकडे १८०.

निम्मं म्हटलं की टर्मिनेशन, म्हणजे ट्रेसच्या टोकाचा रोध, आठवावं. एलव्हीडीएसचा चालक ३.५ मिलिअँपिअर करंट ढकलतो आणि टोकाच्या १०० ओहमवर त्याचे ३५० मिलिव्होल्ट होतात. हा १०० ओहम आमच्या चिपच्या आतच आहे. चौथ्या क्वाडचं पान कुणीतरी जुन्या स्विचच्या फायलीतून उचललं होतं, आणि त्या जुन्या चिपमध्ये आतला रोध नसल्यामुळे बाहेर १०० ओहम लावलेला होता. तो तसाच आला. आत १०० आणि बाहेर १००, मिळून ५०, आणि ३.५ गुणिले ५० म्हणजे १७५.

इथे थोडं थांबते, कारण हा भाग विद्यार्थी नेहमी चुकवतात. क्लॉक तर पोचत होतं. लिंक जुळत होती. फ्रीक्वेन्सी काउंटर लावला असता तर चौथ्या क्वाडचं क्लॉक इतरांइतकंच, पीपीएमच्या दशांशापर्यंत तेच आलं असतं. बिघडली होती ती कड. व्होल्टेज निम्मं झालं की चढण निम्म्या उताराची होते. वर बसलेला गोंगाट तेवढाच असतो, मग रेषा ओलांडण्याचा क्षण दुप्पट मागे-पुढे हलतो. यालाच जिटर म्हणायचं. १५६.२५ मेगाहर्ट्झच्या एका ठोक्याला ६.४ नॅनोसेकंद लागतात, त्यात १ पिकोसेकंदाची थरथर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण तीच थरथर ६६ ने गुणलेल्या ठेक्यावर बसते तेव्हा एका बिटची रुंदी फक्त ९७ पिकोसेकंद असते. आणि १ पिकोसेकंद ही सरासरी थरथर आहे. लाख कोटी बिटांत एखादीच चूक हवी असेल तर टोकापासून टोकापर्यंत तिच्या १४ पट जागा सोडावी लागते. ९७ मधले १४ एकट्या क्लॉकने खाल्ले. केबल, मॉड्यूल, समोरचा रिसीव्हर, सगळ्यांचा वाटा उरलेल्यातून जायचा. १० गिगाबिटला लाख कोटी बिटांत एक चूक म्हणजे दर ९७ सेकंदांना एक, दहा मिनिटांत सहा. म्हणजे मानकाच्या काठावर उभं राहूनही आमच्या ग्राहकाची शून्याची अट पुरी होत नाही, आपल्याला काठापासून बरंच आत असावं लागतं.

टेस्टच्या मुलाने भिंगाखाली तो बाहेरचा रोध उचलून काढला. व्होल्टेज ३५० वर आलं. रात्रभर चाचणी चालवली, सकाळी सीआरसी शून्य.

उरलेले तीन पीपीएम

दहा मिनिटांची मूळ चाचणी लावून आम्ही सेव-उसळ खायला गेलो. परत आलो तर पडद्यावर ७८० फ्रेम हरवलेल्या.

धक्का बसायला नको होता, पण बसला. नुकसान आता २ नंबरावर होतं, म्हणजे टेस्टरचं ट्रॅफिक आमच्या क्लॉकला पहिल्यांदा भेटतं तिथे. नवा ऑसिलेटर उणे ३ पीपीएम होता. सेकंदाला अडीचच्या आत जास्तीच्या फ्रेम, ६८२ ची रांग भरायला २८० सेकंदं, आणि उरलेल्या ३२० सेकंदांत ७८०. एका पेटीतलं भांडण मिटलं होतं. टेस्टर आणि स्विच ही दोन वेगळी घरं होती, आणि त्यांचा फरक कुठल्याही ऑसिलेटरने शून्य होत नाही, फक्त कमी होतो. खरंच शून्य हवा असेल तर स्विचने आपलं क्लॉक समोरच्याकडूनच घ्यावं लागतं: एका पोर्टावर मिळालेलं क्लॉक बाहेर काढायचं, डिजिटल पीएलएलमधून गाळायचं आणि तेच बफरमार्गे चारही क्वाडांना द्यायचं. सिंक्रोनस इथरनेट म्हणतात ते हेच. त्याचं मानक आयटीयूचं जी.८२६२, आणि तिथे मोकळं सोडलेलं क्लॉकसुद्धा अधिक-उणे ४.६ पीपीएममध्ये असावं लागतं. त्याची जागा आम्ही पुढच्या बोर्डवर ठेवली आहे. या बॅचला ते शक्य नव्हतं.

ग्राहकाला फोन केला आणि सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. त्यांचे इंजिनिअर वडोदऱ्याला आले. मी दोन चाचण्या सुचवल्या. टेस्टरमध्ये आपलं क्लॉक काही पीपीएम वर-खाली करायची सोय असते. पहिली चाचणी टेस्टर उणे ३० वर ठेवून: आमच्या ऑसिलेटरची मर्यादा उणे २५ आहे, तेव्हा इथे शून्यच आलं पाहिजे, कुठल्याही बोर्डवर. दुसरी अधिक १०० वर, मानकाच्या टोकाला. तिथे नुकसान होणारच, पण किती होईल ते आधी कागदावर लिहायचं, आणि नुकसान २ नंबर सोडून इतर कुठेही दिसलं तर बोर्ड नापास.

पहिली शून्य आली. दुसरीसाठी त्यांनी स्वतः गणित मांडलं: १०३ पीपीएमचा फरक, सेकंदाला ८३.७ फ्रेम, रांग भरायला ८ सेकंदांहून थोडं जास्त, उरलेल्या सुमारे ५९२ सेकंदांत ४९,५४४. कागद टेबलावर ठेवला आणि स्टार्ट दाबलं. दहा मिनिटांनी पडद्यावर ४९,६१० आले, सगळे २ नंबरावर.

“हे ६६ कुठले?” त्यांनी विचारलं.

मी भागाकार केला. या चाचणीत एक पीपीएम म्हणजे ४८१ फ्रेम, तेव्हा ६६ म्हणजे ०.१४ पीपीएम. खोलीतला एसी मघाशी फोनवर नीट ऐकू येईना म्हणून बंद केला होता. त्यांनी तो पुन्हा लावला, अर्धा तास थांबले आणि चाचणी परत घेतली. ४९,५५१ आले. त्यांनी दोन्ही आकडे त्याच कागदावर लिहून खाली सही केली, आणि बॅच संध्याकाळच्या ट्रकने पुण्याला निघाली.